पहिला बिझनेस सूट, पंधरा हजारांच्या आत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं नोकरीच्या सुरुवातीला एकच सूट घेणाऱ्यांसाठी आहेत: कॅम्पस मुलाखती, बँक, विमा, विक्री, सल्लागार कंपन्या वगैरे. लग्नाच्या सुटाचं गणित वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही. किमती मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतल्या मध्यम दुकानांच्या अंदाजाने दिल्या आहेत. पेठ बदलली की थोडाफार फरक पडणारच.

पंधरा हजारांत खरंच चांगला सूट होतो का?

होतो, पण पैसे कापडात आणि शिलाईत गेले तरच. एक हिशेब असा: टेरीवूलचं (पॉलिएस्टर-लोकर मिश्रणाचं) कापड साडेचार मीटर, मीटरला १,००० रुपये दराने ४,५००. कोट-पँटची शिलाई ५,५००. त्याच कापडाची दुसरी पँट ७००. झाले १०,७००. उरलेल्या ४,३०० मध्ये पांढरा शर्ट १,२००, टाय ४००, बूट २,२०० आणि पट्टा ५००.

यात वेस्टकोट नाही. ‘थ्री पीस फक्त ७,९९९’ अशा पाट्यांत वेस्टकोटाचा खर्च बहुतेक वेळा मूळ कापडातून काढलेला असतो. वेस्टकोटाऐवजी दुसरी पँट शिवा. कोट खुर्चीच्या पाठीवर टांगला जातो, पँट मात्र दिवसभर घासत असते. म्हणून मांडीच्या आतल्या बाजूला आणि सीटवर कापड आधी विरतं. पँट गेली की कोट सुटा पडतो, कारण सहा महिन्यांनी तेच कापड आणायला गेलात तर ताका वेगळा आणि रंगाची छटाही वेगळी निघते.

तयार घ्यावा की शिवून घ्यावा?

तुमचं अंग मापाच्या तक्त्यात बसत असेल आणि वेळ कमी असेल तर तयार घ्या. नाहीतर शिवून घ्या.

‘तक्त्यात बसणं’ म्हणजे काय? तयार सुटात कोटाचं माप छातीवरून ठरतं: ३८, ४०, ४२. सोबतची पँट साधारण सहा इंच कमी कमरेची येते. म्हणजे ४० च्या कोटासोबत ३४ ची पँट. छाती ४२ आणि कंबर ३१ असलेला व्यायाम करणारा मुलगा किंवा छाती ४० आणि पोट ३९ असलेले गृहस्थ, दोघांनाही हा संच बसत नाही. पँट कमरेत इंच-दीड इंच कमी-जास्त करता येते. तीन-चार इंच काढले की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात. अशा वेळी कोट आणि पँट वेगवेगळ्या मापात देणारं दुकान शोधा किंवा सरळ टेलर मास्तरांकडे जा.

कराचाही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांच्या वर किंमत असलेल्या तयार कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, कापडावर ५ टक्के. तयार सुटाच्या छापील किमतीत हा कर धरलेला असतो, त्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही. मात्र जानेवारी आणि जुलैच्या सेलमध्ये हेच गणित उलटतं. तेव्हा साध्या निळ्या किंवा राखाडी सुटाची किंमत कधीकधी शिलाईच्या मजुरीइतकी उतरते. सेलमध्ये घेत असाल तर आल्टरेशनसाठी हजारभर रुपये बाजूला ठेवा.

खांदा बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. कोट खांद्यावर टांगलेला असतो. तिथे चुकला की खाली काहीही करून उपयोग नाही.

खांद्याची शिलाई खांद्याचं हाड जिथे संपतं तिथेच संपली पाहिजे. भिंतीला बाजूने टेकून उभे राहा. दंडाआधी कोटाचं पॅडिंग भिंतीला लागलं, तर खांदा मोठा आहे. बाहीच्या वरच्या टोकाशी, शिलाईच्या खाली खड्डा पडत असेल तरी बहुधा मोठाच. उलट दंडाचा गोळा बाहीतून बाहेर ढकलल्यासारखा दिसत असेल तर खांदा लहान आहे.

मग मान. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला मागून चिकटून बसायला हवी आणि शर्टाची कॉलर सेंटिमीटरभर वर दिसायला हवी. मध्ये बोट जाईल एवढी फट असेल तर कोट चालताना मागे ओघळतो. कॉलरखाली पाठीवर आडवी वळी पडत असेल तर मास्तर कॉलर थोडी खाली घेऊन ती काढू शकतात.

आता वरचं बटण लावा. बटणापासून इंग्रजी एक्ससारख्या ताणाच्या रेघा फुटत असतील तर कोट तंग आहे. बटण लावल्यावर पोट आणि कोट यांच्यात मूठ सहज फिरत असेल तर ढगळ. कोटाची उंची सीट झाकेल इतकी हवी. सध्या दुकानात मिळणारे आखूड कोट फोटोत बरे दिसतात, पण दोन वर्षांनी तेच कोट धाकट्या भावाचे मागून आणल्यासारखे वाटतील. बाही मनगटाच्या हाडापाशी थांबावी आणि शर्टाचा कफ एक ते दीड सेंटिमीटर दिसावा.

शेवटी बसून बघा, हात पुढे करून दाराचं हँडल धरल्यासारखं करा. मुंढा (बाही कोटाला जोडते तो गोल) खोल असेल तर हात उचलताच अख्खा कोट वर उचलला जातो. मुंढा वर आणि अंगासरशी असला की हात मोकळा हलतो. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

आल्टरमध्ये काय सुधारतं आणि काय नाही?

बाहीची लांबी, कोटाची कंबर, पँटची कंबर, उंची आणि मोहरी (खालच्या टोकाची रुंदी) ही कामं गल्लीतला चांगला आल्टरवाला करतो. बाहीवर खरी उघडणारी काजं असतील तर मात्र बाही मनगटाकडून कमी करता येत नाही, वरून मुंढ्यातून काढावी लागते आणि मजुरी तिप्पट होते. तयार सुटात बाहीची बटणं नुसती शोभेची असलेलीच बरी.

खांदा, मुंढा, कोटाची उंची यांच्या वाटेला जाऊ नका. उंची कमी केली की खिसे आणि बटणं खाली घसरल्यासारखी दिसतात, कारण ती होती तिथेच राहतात. सेल्समन ‘खांदा करून देतो सर’ म्हणाला तरी एक नंबर लहान-मोठा कोट मागा.

कापड कुठलं घ्यायचं?

बाजारात तीन गट आहेत.

टीआर म्हणजे पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस. बहुतेक माल भिलवाड्याच्या गिरण्यांतून येतो, मीटरला ४०० ते ८०० रुपये. चुरगळत कमी, टिकतं बरं. दोन तक्रारी आहेत: दमट हवेत गरम होतं आणि गरम इस्त्री बसली की चमक येते. ती चमक परत जात नाही.

टेरीवूल म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकर. मीटरला साधारण ९०० ते १,८००. पहिल्या सुटासाठी आमचं मत इथेच पडतं. लोकर निदान ३० ते ४५ टक्के असेल असं बघा. त्यापेक्षा कमी असेल तर टीआरच घ्या, पैसे तरी वाचतील.

शुद्ध लोकर मीटरला दोन हजारांच्या पुढे. हवा खेळते, अंगावर सुंदर पडते, पण एकुलता एक सूट आठवड्यातून चार दिवस घालायचा असेल तर पातळ लोकरीची पँट वर्षभरात दगा देते. ‘लोकर म्हणजे उकाडा’ हा समज मात्र सोडा. साध्या विणीची पातळ लोकर पॉलिएस्टरपेक्षा थंड पडते.

कापडाच्या काठावर गिरणीचं नाव आणि बऱ्याचदा मिश्रणाची टक्केवारी विणलेली किंवा छापलेली असते, ती वाचा. ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ हे आकडे लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचे आहेत: सुपर १०० म्हणजे १८.७५ मायक्रॉनपर्यंत, सुपर १२० म्हणजे १७.७५ पर्यंत. आकडा वाढला की तंतू बारीक, स्पर्श मऊ आणि झीज लवकर. म्हणून रोजच्या वापराला १०० ते ११० पुरे. टीआरच्या काठावर ‘सुपर १५०’ छापलेलं दिसलं तर तो निव्वळ शोभेचा आकडा समजा.

वजन विचारा. चौरस मीटरला २३० ते २६० ग्रॅम हे मुंबई-कोकणाला ठीक. एसी ऑफिस, नागपूरचा हिवाळा किंवा दिल्लीच्या फेऱ्या असतील तर २८० पर्यंत. २२० च्या खाली पँटची घडी दुपारपर्यंत टिकत नाही. दुकानदार कधी चौरस मीटरचं वजन सांगतो, कधी धावत्या मीटरचं. दीड मीटर पन्ह्याच्या (रुंदीच्या) २५० ग्रॅमच्या कापडाचा एक धावता मीटर ३७५ ग्रॅम भरतो, तेव्हा गोंधळू नका.

दुकानात दोन परीक्षा करता येतात. कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद आवळून सोडा. लोकर असेल तर सुरकुत्या बघता बघता सैल होतात. कटपीस मिळाला तर काठाचा एक धागा घरी सिंकवर जाळा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्रणात दोन्ही थोडंथोडं दिसतं.

किती मीटर कापड लागतं?

दीड मीटर पन्ह्याचं कापड धरून, मध्यम अंगाला कोट-पँटसाठी सव्वातीन मीटर. दुसऱ्या पँटला आणखी सव्वा ते १.३ मीटर. उंची सहा फुटांच्या वर किंवा छाती ४४ च्या पुढे असेल तर पाव ते अर्धा मीटर जास्त. चौकडी असेल तर रेघा जुळवायला कापड वाया जातं, तेही धरा. आधी मास्तरांना विचारूनच कापड फाडून घ्या. ‘सूटपीस’ म्हणून मिळणारे पाकीटबंद तुकडे कधीकधी तीनच मीटरचे असतात. त्यात शिलाईला मार्जिन, म्हणजे आत सोडायचं जादा कापड, उरत नाही.

मुंबईत काळबादेवीचं मंगलदास मार्केट आणि पुण्यात लक्ष्मी रोड, रविवार पेठ इथे फिरलात तर एकाच गिरणीचं कापड दोन भावांत दिसेल. फिरायला लाजू नका.

कॅनव्हास आणि फ्यूजिंग म्हणजे काय?

कोटाचा समोरचा भाग ताठ राहावा म्हणून कापड आणि अस्तर यांच्या मध्ये एक थर असतो. तो उष्णतेने चिकटवला तर फ्यूजिंग, टाक्यांनी जोडला तर कॅनव्हास. फक्त छाती आणि लॅपेलपुरता (कॉलरखाली छातीवर उलटलेल्या पट्टीपुरता) असेल तर हाफ कॅनव्हास.

ओळखायला शेवटच्या काजाखालचं कापड एका बाजूने आणि अस्तर दुसऱ्या बाजूने चिमटीत धरून अलगद वेगळं करा. मध्ये तिसरा थर सुटा सरकत असेल तर कॅनव्हास. वरचं कापड जाड पुठ्ठ्यासारखं लागलं तर फ्यूजिंग. हाफ कॅनव्हास छातीपाशी तपासा.

स्वस्त फ्यूजिंगचा गोंद ओल आणि उष्णता लागून सुटतो आणि छातीवर फोड आल्यासारखे बुडबुडे दिसू लागतात. त्यावर इलाज नाही. या बजेटमध्ये फुल कॅनव्हासचा हट्ट धरू नका. मास्तर हजार ते अडीच हजार जादा घेऊन हाफ कॅनव्हास देत असतील आणि बूट घरात आधीच असतील तर ते पैसे तिथे घाला.

रंग?

गडद निळा. दुसरा पर्याय कोळशी राखाडी. काळा नको: तो दिवसाउजेडी रखरखीत दिसतो आणि त्यावरचा प्रत्येक तंतू उठून दिसतो. चमकणारं कापड, साटिनचं लॅपेल, लाल अस्तर आणि जाड रंगीत काजं लग्नाच्या दुकानातच राहू द्या.

बटणं, लॅपेल, मागची चीर?

दोन बटणं, साधं खाच असलेलं लॅपेल तीन ते सव्वातीन इंच, मागे एक किंवा दोन चिरा. खालचं बटण लावायचं नसतं. पँट विनाचुणीची, मोहरी साडेसात इंचांच्या आसपास. पोट असेल तर पुढे एक चुणी बरी पडते.

मास्तर कसे निवडायचे? ट्रायलला काय बघायचं?

शर्ट-पँट शिवणारा आणि कोट शिवणारा यांत फरक असतो. काही दुकानं माप घेतात आणि कोट बाहेर कारागिराकडे पाठवतात. त्यात गैर काही नाही, पण कटिंग कोण करतं आणि ट्रायलला तो हजर असेल का, हे विचारा. दुकानात दुसऱ्या कुणाचा तयार कोट टांगलेला असेल तर बाहीचा वरचा गोल भाग सपाट बसलाय की चुण्या पडल्यात ते बघा. मास्तरांचा हात तिथे कळतो.

मापाला जाताना जो शर्ट आणि जे बूट घालणार तेच घालून जा. खिशातून मोबाइल आणि पाकीट काढा. श्वास रोखून पोट आत घेऊ नका, कारण रोज ते आत राहणार नाही. पाठ वाकलेली असेल किंवा एक खांदा उतरलेला असेल तर मास्तरांनी ते स्वतःहून वहीत लिहिलं पाहिजे. बॅग एकाच खांद्यावर वागवणाऱ्यांचा खांदा हमखास उतरलेला असतो.

कच्च्या टाक्यांची ट्रायल नाही म्हणणाऱ्या दुकानातून उठा. पहिल्या ट्रायलला खिसे, काजं, कॉलर झालेली नसावीत. तेव्हाच खांदा, मुंढा आणि उंची बदलता येते. काज एकदा फाडलं की संपलं. मार्जिनही तेव्हाच बोलून घ्या: पँटच्या सीटला दीड-दोन इंच, उंचीला दोन इंच, कोटाच्या बाजूच्या शिलाईत इंचभर. पहिल्या नोकरीत कँटीनचं जेवण सुरू झालं की हे मार्जिन कामाला येतं. लोकरीचं कापड असेल तर कापण्याआधी वाफेची इस्त्री मारून घ्यायला सांगा, म्हणजे पुढे आटत नाही.

अस्तर व्हिस्कोसचं मागा. फरक थोड्याच रुपयांचा असतो आणि घाम कमी येतो. पाठीला अर्धंच अस्तर घातलं तर मुंबईत आणखी सुख.

किती दिवस आधी जायचं?

एरवी तीन आठवडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे लग्नसराईत, पाच-सहा. पितृपंधरवड्यात नवी खरेदी टाळणारे पुष्कळ असतात, त्यामुळे मास्तर निवांत आणि ट्रायलला वेळ देणारे सापडतात. तुम्हाला चालत असेल तर तोच मुहूर्त.

वडिलांचा लग्नातला सूट कपाटात आहे. तो आल्टर करून चालेल का?

आधी घालून खांदा बघा. तो बसला तर पुढचं वाचा. नव्वदच्या दशकातल्या कोटांचे खांदे रुंद आणि पॅड जाड असतात. पॅड पातळ करता येतं, रुंदी नाही.

खांदा जमला तर कोट उजेडासमोर धरा. कसर लागली असेल तर टाचणीएवढी भोकं चमकतील. एक-दोन असतील तर रफूवाला भरून देतो, चाळणी झाली असेल तर सोडून द्या. जुनं अस्तर बहुधा बगलेत फाटलेलं असतं, ते पूर्ण बदलून घ्या. चुण्यांची ढगळ पँट मोहरीपासून मांडीपर्यंत अरुंद करता येते. त्या काळचं कापड शुद्ध लोकरीचं असेल तर दोन-अडीच हजारांत तुम्हाला आजच्या दहा हजारांच्या तोडीचा सूट मिळतो.

ऑनलाइन घ्यावा का?

परत घेण्याची अट स्पष्ट असेल तरच. ‘एम’, ‘एल’ अशा मापांवर सूट घेऊ नका. घरातल्या नीट बसणाऱ्या कोटाचे खांदे एका शिलाईपासून दुसरीपर्यंत मोजा आणि तक्त्यातल्या ‘कपड्याच्या’ मापाशी ताडून बघा. अंगाचं माप आणि कपड्याचं माप एक नव्हे. ट्रायल होईपर्यंत टॅग कापू नका.

मुलींनी सूटच घ्यायला हवा का?

नाही. साडी किंवा नीट शिवलेला सलवार-कमीज आपल्याकडे पूर्ण फॉर्मल मानला जातो, सरकारी मुलाखतींत तर तोच जास्त दिसतो. कोट-पँट हवीच असेल तर खांद्याचा नियम तोच. त्याशिवाय बटण लावल्यावर छातीपाशी कापड ताणलं जाऊ नये. छातीला बसणारा कोट घेऊन कंबर आत घेणं सोपं, उलटं होत नाही. तयार ब्लेझरमध्ये खिसे बरेचदा नुसते शिवलेले देखावे असतात आणि आत मार्जिन नसतं. म्हणून कोट शिवणाऱ्या मास्तरांकडे नुसत्या कोटासाठी दोन मीटर कापड देणं जास्त फायद्याचं.

घरी आणल्यावर आधी काय करायचं?

मागच्या चिरेवरचा फुलीचा टाका कापा. बाहीवरचं गिरणीचं लेबल उसवा. ते दाखवण्यासाठी नसतं. छातीवरच्या खिशाचे कच्चे टाके काढा, बाजूचे खिसे बंदच राहू दिले तर कोटाचा आकार टिकतो.

लोकलने जायचंय. कोट चुरगळणार नाही का?

अंगात घालून चढू नका. कोटाचा एक खांदा उलटा करा, दुसरा सुलटा खांदा त्यात बसवा, म्हणजे अस्तर बाहेर येतं. मग उभी घडी घालून एकदाच आडवी दुमडा आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा. पोचल्यावर दहा मिनिटं टांगला की पुरे.

ड्रायक्लीन किती वेळा? पावसाळ्यात काय करायचं?

रोजच्या वापरात तीन-चार महिन्यांतून एकदा, तेही कोट-पँट एकत्र, नाहीतर छटा वेगळी होते. एरवी घातल्यानंतर ब्रश फिरवा आणि रात्रभर रुंद खांद्याच्या हँगरवर मोकळ्या हवेत टांगा. तारेच्या हँगरने खांद्याला टोक येतं. इस्त्री नेहमी ओलसर सुती फडक्यावरून, मध्यम उष्णतेवर.

जूनआधी ड्रायक्लीन करून प्लास्टिकचं आवरण काढून टाका. आत दमट हवा कोंडली की बुरशी धरते. जुन्या धुतलेल्या चादरीची खोळ शिवून त्यात सूट ठेवा. लोकर असेल तर डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून हँगरला लटकवा, कापडाला टेकू देऊ नका. आणि पंधरा दिवसांतून एकदा, ऊन पडलेल्या दिवशी, कपाट तासभर उघडं ठेवा.